दहा-अकराचा पाना

आमचे बाबा संतापले तरी शिवी देत नसत. "दहा-अकरा कुणी हलवला?" एवढंच विचारत, आणि घर चिडीचूप होई. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये ते फिटर होते. घरी मोरीशेजारच्या भिंतीवर त्यांनी प्लायवूडची फळी ठोकली होती आणि तिच्यावर एकेका हत्याराची आकृती लाल ऑइलपेंटने काढली होती. हत्यार जागेवर असलं की लाल झाकलं जायचं. नसलं की तिथे पकडीचं नाहीतर हातोडीचं लाल भूत. सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा... दोन तोंडांच्या पान्यांची ही नावं मला बे एके बेच्या आधी पाठ झाली.

ते पाने आता मिशिगनमध्ये असतात. बाबांच्या माघारी दोन खेपांत, २३ किलोच्या बॅगेत साड्यांच्या घड्यांत गुंडाळून मी ते आणले. बरीच वर्षं बेसमेंटमध्ये नुसते पडून होते. चार वर्षांपूर्वी आम्ही एक जुनं, २४ फुटी मोटरहोम घेतलं, तेव्हा त्यांना पुन्हा नोकरी लागली.

मोटरहोम म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेलं वन आरके. घर म्हटलं की नळ गळणार, गाडी म्हटली की नट ढिले होणार; इथे दोन्ही एकदम, शिवाय ताशी साठ मैलांचा चालता भूकंप. हत्यारं तर लागणारच. ती ठेवायची कुठे, यावर मात्र आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी मुलीच्या कॉलेजवरही झाली नव्हती.

नवरा सॉफ्टवेअरमधला. हत्यारं विकत घेण्याची हौस त्याला, वापरायची मला. त्याने सेलमध्ये दोनशे नगांचा सेट आणला. काळ्या प्लॅस्टिकची पेटी, प्रत्येक नगाला त्याच्या मापाचा खळगा. दुकानात ती उघडलेली पाहून कुणालाही मोह पडेल. पण ती बंद करून बघा. एक सॉकेट तिरकं बसलं तरी झाकण लागत नाही, आणि तशीच उचलली तर दोनशे नग अंगणात. त्यातले दीडशे जन्मात लागत नाहीत, आणि नेमका हवा असतो त्याला खळगाच नसतो.

शिवाय वजन. मोटरहोममध्ये एक स्टिकर असतो: माणसं, सामान आणि पाणी मिळून इतक्या पौंडांच्या वर नको. आमच्या गाडीचा आकडा ११४०. वाचताना भरपूर वाटतो. मग ३५ गॅलनची पाण्याची टाकी भरायची, की २९० पौंड तिथेच गेले. आमच्या दोघांची वजनं मी इथे लिहीत नाही. उरलेल्यात गाद्या, भांडी, तांदूळ, खुर्च्या आणि नवऱ्याचा हत्यारांचा संसार. एकदा त्याला सगळ्या पिशव्या हातात घेऊन न्हाणीघरातल्या काट्यावर उभं केलं आणि त्याचं वजन वजा केलं. ११८ पौंड. म्हणजे एक अख्खा पाहुणा, तोही न जेवणारा.

हा पाहुणा त्याने मागच्या कप्प्यात बसवला होता, कारण तो कप्पा सगळ्यात मोठा. पण तो मागच्या चाकांच्याही पलीकडे लोंबतो. तिथे जड काही टाकलं की मागचा धुरा सी-सॉचा मधला टेकू होतो, पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टीअरिंग लोण्यात फिरवल्यासारखं लागतं. ज्याने एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून खंबाटकी ओलांडलाय त्याला मागच्या लोंबत्या भागाची करामत समजावून सांगायला नको. जड ते खाली आणि दोन धुऱ्यांच्या मध्ये, हा नियम ठरला. निम्मे नग गॅरेजमध्ये परत गेले. त्यांना निरोप देताना नवऱ्याचा चेहरा बघवत नव्हता.

मग बाजू. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते, म्हणजे हायवेवर कडेला थांबलं की ड्रायव्हरची बाजू भरधाव ट्रकांकडे. म्हणून टायरचा पाना, हवेचा गेज, लाल त्रिकोण हे सगळं दुसऱ्या बाजूच्या कप्प्यात, गवताकडच्या. भारतात हेच उलट करावं लागेल. ड्रायव्हरच्या बाजूला कॅम्पवर लागणाऱ्या वस्तू, कारण पाण्याची, विजेची आणि मैल्याची जोडणी त्याच बाजूला असते. इथे माझ्यातली आजी जागी झाली. पिण्याच्या पाण्याचा पांढरा पाइप आणि मैल्याचा जाडजूड पाइप एका कप्प्यात? देवा! मैल्याच्या पाइपाला झाकणाची बादली, त्याचे हातमोजे त्यातच, आणि त्या कामाच्या पकडीला निळी चिकटपट्टी. निळी पट्टी म्हणजे ओवळी. पन्नाशी उलटेपर्यंत ज्या सोवळ्याओवळ्याची मी चेष्टा केली ते मिशिगनमध्ये येऊन असं शास्त्रशुद्ध पाळते आहे.

बाबांच्या पान्यांची अडचण वेगळीच निघाली. इंजिन आणि सांगाडा मिलिमीटरमध्ये, तिथे दहा-अकरा, बारा-तेरा मजेत चालतात. पण वरचं घर बांधणाऱ्यांनी ते इंचात बांधलंय. अर्ध्या इंचाच्या नटाला तेराचा पाना बसतो, कारण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. बसतो, पण किंचित डुलतो. "ढिला पाना नटाचे कान खातो," बाबा म्हणायचे, आणि ते कान मी एकदा खाऊन पाहिले आहेत. तेव्हा इंचाचे चार पाने वेगळे घ्यावे लागले. स्क्रूंचं आणखी तिसरंच. घराच्या भागात पाहावं तिथे चौकोनी भोकाचे स्क्रू. कॅनडातल्या पीटर रॉबर्टसनने १९०९ साली पेटंट घेतलेला हा नमुना. पेचकस निसटत नाही म्हणून मोटरहोम बांधणाऱ्यांचा आवडता. कॅनडा आमच्या इथून नदीपलीकडे दिसतो, पण हा स्क्रू मला मोटरहोम घेईपर्यंत ठाऊक नव्हता. चपटा चालत नाही, स्टार चालत नाही. चौकोनीच हवा. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

बाहेरच्या कप्प्यांची कुलपं हा निव्वळ विनोद आहे. आमच्या किल्लीवर सीएच ७५१ असं कोरलंय. एका कॅम्पवर शेजारणीच्या किल्लीवरही तेच. पाहिलं तर अमेरिकेतल्या कितीतरी मोटरहोमांना हीच किल्ली लागते. गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच किल्लीचं कुलूप घेऊन ते इमानदारीत रोज लावावं, तसं. त्यामुळे बाबांचे पाने आणि महागाची हत्यारं आत आणायची ठरली. आत एवढी जागा एकाच ठिकाणी, पलंगाखाली. पलंगाची फळी उचलली की खाली ऐसपैस पेटी. खाली, जड, दोन धुऱ्यांच्या मध्ये, आणि चोरापासून लांब. मी स्वतःवर खूश होते.

बारीकसारीक वस्तूंसाठी मी मिसळणाचा डबा काढला. सात वाट्या: एकीत नट, एकीत वायसर, एकीत नळाच्या रबरी चकत्या, दोहोंत स्क्रू, दोहोंत फ्यूज. फ्यूजना रंग असतात, दहा अँपिअरचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. हळद-तिखटाच्या जागी हे असे बसले की डबा इतका देखणा दिसला की मी बहिणीला फोटो पाठवला.

त्या जुलैत आम्ही मिशिगनच्या वरच्या भागात निघालो. मध्ये मॅकिनॉ पूल लागतो, १९५७ साली खुला झालेला, जवळजवळ आठ किलोमीटर लांब. त्याच्या आतल्या लेनमध्ये डांबर नाही, लोखंडी जाळी आहे. खाली पाहिलं तर पाणी. त्या जाळीवर चाकं चढली की अख्खी गाडी गुणगुणायला लागते आणि गाडीतलं सगळं तिच्या सुरात सूर मिसळतं. चमचे, ताटं, कपाटातली कुकरची शिट्टी, आणि मिसळणाचा डबा. पलीकडे उतरून झाकण उघडलं. मसाल्याच्या डब्याचं झाकण वाट्यांवर घट्ट बसत नाही, ते जेमतेम टेकतं. स्वयंपाकघराचा ओटा हलत नाही म्हणून हे आजवर कुणाला कळलेलं नाही. सातही वाट्यांत सगळं मिसळलं होतं. नावाला जागला.

म्युनिसिंगला पोचलो तेव्हा काळोख, आणि लेक सुपीरिअरवरून आलेला पाऊस. आमच्या गाडीची एक भिंत बटण दाबलं की बाहेर सरकते, पलंगासकट. तिला इथे स्लाइड म्हणतात. ती आत असली की पलंगाचं पायथ्याचं टोक समोरच्या कपाटाला टेकतं आणि मधून एका माणसाने आडवं होऊन जावं लागतं. बटण दाबलं. काही नाही. कुरकुर नाही, घरघर नाही. आवाजच नाही म्हणजे फ्यूज. मी शांत होते. हिरवा, तीस अँपिअर. मिसळणातून हिरवा वेचून काढायला पंधरा मिनिटं लागली, कोथिंबीर निवडल्यासारखा. फ्यूजचा डबा बॅटरीपाशी, बॅटरी दाराच्या पायरीखाली, आणि पायरीचं झाकण चार स्क्रूंनी बसवलेलं. चौकोनी.

चौकोनी पेचकस पलंगाखाली. पलंगाची फळी उचलायची तर ती कपाटाला अडते, म्हणून स्लाइड बाहेर काढायला हवी. स्लाइड बाहेर काढायची तर फ्यूज बदलायला हवा. फ्यूज बदलायचा तर पायरी उघडायला हवी. पायरी उघडायची तर चौकोनी पेचकस हवा. हे सगळं मी नवऱ्याला एका दमात सांगितलं आणि तो म्हणाला, "हात्तिच्या, म्हणजे डेडलॉक." त्याला एवढ्या पावसातही आनंद झाला, त्याच्या धंद्यातला शब्द प्रत्यक्ष भेटला होता. स्लाइड हाताने फिरवून काढायचा दांडाही असतो. आमचाही होता. कुठे ते विचारू नका.

मी सुरीचं टोक लावून एका स्क्रूचं भोक गोल करून घेतलं, तेवढ्यात शेजारच्या गाडीतले आजोबा रेनकोट घालून बाहेर आले. त्यांनी विचारलं नाही, वाकून फक्त पायरी पाहिली. खिशातून एक बोटभर पेचकस काढला. पिवळी मूठ, चौकोनी टोक, मुठीला बुटाची नाडी. चारही स्क्रू, माझा बिघडवलेला धरून, त्यांनी दोन मिनिटांत काढले. भिंत बाहेर सरकताना एखाद्या म्हशीसारखी हंबरली. मी त्यांना त्यांची हत्यारं पाहायला मागितली. फिटर बापाची मुलगी, राहवलं नाही. एक कॅनव्हासची पिशवी, ओंजळीत मावेल एवढ्या वजनाची.

"चौकोनी बाहेर ठेवायचा," ते म्हणाले. "बाकी कुठेही."

त्या हिवाळ्यात मी सगळं उपसलं. बाबांची फळी दाराच्या आतल्या बाजूला करून पाहिली होती, लाल आकृत्यांसकट. पण बाबांची भिंत खड्ड्यांतून जात नव्हती. मग नवऱ्याच्या जुन्या जीन्सची लांबट गुंडाळी शिवली, न्हाव्याकडे वस्तऱ्यांची असे तशी. प्रत्येक पान्याला एक खण, खणावर लाल दोऱ्याने देवनागरी आकडा: ८-९, १०-११. गुंडाळली की पाने एकमेकांना लागत नाहीत, वाजत नाहीत, आणि उलगडली की रिकामा खण लगेच दिसतो. मिलिमीटरची गुंडाळी निळी, इंचाची काळी. दोन्ही आता दाराशेजारच्या कपाटात, खालच्या खणात. फ्यूजसाठी औषधांच्या गोळ्यांची आठवड्याची डबी घेतली. सोमवारी लाल, मंगळवारी निळा, बुधवारी पिवळा, गुरुवारी हिरवा, प्रत्येक वाराचं झाकण वेगळं आणि घट्ट. दोनशे नगांच्या पेटीतले सोळा राहिले. चौकोनी पेचकस दाराच्या मागे खुंटीला, टॉर्चशेजारी. बुटाच्या नाडीसकट, मला पिवळीच मूठ हवी होती, पण मिळाली ती हिरवी.

ऑक्टोबरात इथे गाडी झोपवायची असते. नळांत थंडीत न गोठणारं गुलाबी अँटीफ्रीझ भरायचं आणि हत्यारं घरात आणायची, नाहीतर रात्रीच्या थंडीने आणि दुपारच्या उन्हाने कप्प्यांना आतून घाम फुटतो आणि वसंतापर्यंत पान्यांवर तांबूस लव येते. हे काम बरोबर खंडेनवमीच्या आसपास येतं. म्हणून जेवणाच्या टेबलावर दोन्ही गुंडाळ्या उलगडायच्या, एकेक पाना तेलाच्या फडक्याने पुसायचा, हळदकुंकू, आणि अंगणातला झेंडू, तोवर हिमाने मारला नसला तर. गुंडाळीत कापराची एक वडी ठेवते. बाबांच्या पेटीतही असायची. गंज धरत नाही म्हणायचे. दहा-अकरा हातात घेतला की तो वास येतो आणि कुणीतरी मागून विचारेल म्हणून मी अजून दचकते.

पलंगाखालची जागा मात्र रिकामी झाली. एवढी सुरेख जागा रिकामी ठेवायची म्हणजे काय? गोधड्या गेल्या, मग पुलावर वाजणारी ताटं गोधडीत गुंडाळून, मग कुकरची शिट्टी, तीही वाजायची म्हणून, फडक्यात बांधून.

या मे महिन्यात पहिल्या फेरीला निघालो. दुपारी हायवेच्या विश्रांतिस्थळी थांबलो. तिथे दाटीवाटीने गाड्या उभ्या असतात, भिंत बाहेर काढायची सोय नसते. खिचडी टाकू म्हटलं. डाळ-तांदूळ धुतले, कुकरला झाकण लावलं आणि शिट्टीला हात घातला.

नवरा एक अक्षर बोलला नाही. दारामागच्या खुंटीवरून त्याने चौकोनी पेचकस काढला, पलंगाशी गुडघ्यावर बसला आणि बाजूच्या फळीचे स्क्रू मोजायला लागला. सहा होते.