आश्चर्यं नीला द्यौः

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव, असा निरोप आला तेव्हा स्नेहसंमेलनं, खो-खोचे सामने, मेणवलीच्या घाटावरची सहल असं पुष्कळ काही डोळ्यांपुढे आलं. त्यावर माझ्या वर्गातले इतर जण लिहितीलच. मला लिहायचं आहे ते संस्कृतच्या एका तासाबद्दल. आज मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, आणि माझं मन या विषयाकडे वळलं ते त्या तासामुळे, हे आजवर शाळेला सांगायचं राहून गेलं होतं.

१९८६ सालची सुरुवात. आम्ही आठवीत. हॅलेचा धूमकेतू आला होता आणि ७६ वर्षांनी येणारा पाहुणा म्हणून वर्तमानपत्रांत त्याचंच कौतुक चाललं होतं. संस्कृतची ओळख होऊन वर्षही झालेलं नव्हतं. देव, वन, माला चालवता चालवताच आमची दमछाक व्हायची. अशा वर्गात बाई एके दिवशी पुस्तक मिटून म्हणाल्या, "वहीत एक आश्चर्य लिहा. पुस्तकातलं नको, तुम्हाला स्वतःला वाटलेलं."

आम्ही भराभर लिहिलं. ताजमहाल बऱ्याच जणांचा निघाला. विजापूरचा गोल घुमट आणि त्यातले प्रतिध्वनी. बावधनच्या यात्रेतलं बगाड. जत्रेत तंबूत पाहिलेलं दोन डोक्यांचं वासरू. आणि अर्थातच धूमकेतू, तो माझा. बाईंनी सगळं फळ्यावर उतरवून घेतलं आणि त्याच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आश्चर्यमनित्ये.

"हे पाणिनीचं सूत्र," त्या म्हणाल्या. त्याच्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथात सुमारे ४००० सूत्रं आहेत, त्यांतलं सहाव्या अध्यायातलं हे एक. 'आ' आणि 'चर्' यांपासून 'आचर्य' होतो. आचार, आचरण हे त्याचेच सोयरे. 'आचर्यं कर्म शोभनम्', म्हणजे चांगलं काम आचरावं. पण तेच जर नेहमी न घडणारं, क्वचितचं असेल, तर मध्ये एक 'स्' येतो, पुढच्या 'च'मुळे त्याचा 'श्' होतो आणि शब्द होतो 'आश्चर्य'. बाईंनी फळ्यावरच्या 'आचर्य'मध्ये लाल खडूने तो 'श्' घुसवला, तो अजून मला दिसतो. अष्टाध्यायीवरच्या 'काशिका' या टीकेतलं उदाहरणही त्यांनी दिलं: 'आश्चर्यं यदि सोऽधीयीत', तो अभ्यास करील तर आश्चर्यच! सगळ्यांनी एकदम शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

"म्हणजे तुमची यादी पाणिनीच्या नियमात अगदी बसते," बाई म्हणाल्या. "सगळं क्वचितचं. रोजचं एकही नाही." मग त्यांनी टेबलावरचा जाडजूड ग्रंथ उघडला. पाणिनीच्या सूत्रांची चर्चा करणाऱ्या पतंजलीच्या महाभाष्याचं महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी मराठी भाषांतर केलं आहे, त्यातला तो एक खंड. आपल्या वाईत प्राज्ञपाठशाळा ही संस्कृत विद्येची संस्था, मराठी विश्वकोशाचं कार्यालय. असे ग्रंथ मागून आणायला बाईंना लांब जावं लागत नसे. पण आठवीतल्या मुलांपुढे महाभाष्य उघडावं असं किती शिक्षकांच्या मनात येईल?

पाणिनीनंतर कात्यायन हा वैयाकरण आला, त्याने हरकत घेतली. सूत्रात 'अनित्य' म्हणून भागत नाही, 'अद्भुत' म्हणायला हवं. का? तर पतंजली त्याची उदाहरणं देतो. बाईंनी ती सावकाश वाचली. 'आश्चर्यम् उच्चता वृक्षस्य.' या झाडाची उंची, काय आश्चर्य! 'आश्चर्यं नीला द्यौः.' आकाश निळं, काय आश्चर्य! 'आश्चर्यम् अन्तरिक्षे अबन्धनानि नक्षत्राणि न पतन्ति.' अंतराळात कशाला न बांधलेली नक्षत्रं खाली पडत नाहीत, काय आश्चर्य!

झाड रोज उंच असतं, आकाश रोज निळं असतं, नक्षत्रं तर कधीच पडत नाहीत. यांत क्वचितचं काय आहे? तरी माणूस थबकतो. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला हा वैयाकरण एका 'श्'ची चर्चा करता करता खिडकीबाहेर बघतो आहे असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

पतंजली मात्र पाणिनीची बाजू सोडत नाही. वेगळा नियम नको, तो म्हणतो. आश्चर्याचा संबंध झाडाशी नाही, उंचीशी आहे. आकाशाशी नाही, निळेपणाशी आहे. आणि तो अनित्यच. हा भाग तेव्हा आमच्या डोक्यावरून गेला. बाईंनी तो त्यांच्या परीने सोडवून सांगितला: झाड रोज तिथेच असतं, पण त्याची उंची तुम्हाला रोज दिसते का? ज्या दिवशी दिसते त्या दिवशी आश्चर्य. पंडितांना हा अर्थ मान्य होईल की नाही ठाऊक नाही. मला तो पुरला.

घरचा अभ्यास होता, 'आश्चर्यम्'ने सुरू होणारं एक वाक्य संस्कृतात. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने लिहिलं: 'आश्चर्यं, माता नित्यं प्रथमं जागर्ति.' आई रोज सगळ्यांच्या आधी उठते. 'जागर्ति' हे रूप तिने तिच्या आजोबांना विचारून आणलं होतं. बाईंनी त्या वाक्यातल्या 'नित्यं'खाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "बघा, सूत्रात 'अनित्ये' आहे आणि हिने 'नित्यं' लिहिलंय. कात्यायनाची हरकत हिने एका शब्दात घेतली." तिला त्या दिवशी जो मान मिळाला तो शाळेतल्या कुठल्याही बक्षिसाहून मोठा होता, असं माझं ठाम मत आहे.

पुढे दहावीपर्यंत बाई अधूनमधून या विषयाकडे परत येत. मराठीतला 'नवल' हा नव्याशी नातं सांगणारा शब्द. 'विस्मय' आला 'स्मि' धातूपासून, म्हणजे हसण्यापासून. इंग्रजीतल्या 'स्माइल'चंही मूळ तेच. नाट्यशास्त्रात विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायीभाव. डोळे विस्फारणं, पापणी न लवणं, अंगावर रोमांच, डोळ्यांत पाणी आणि तोंडून 'साधु, साधु' ही त्याची लक्षणं भरताने नोंदवली आहेत. गीतेचा दुसरा अध्याय पाठ करताना 'आश्चर्यवत्पश्यति कश्चिदेनम्' या श्लोकापाशी त्या हमखास थांबवत.

इंग्रजीच्या सरांनी त्यात आपली भर घातली. 'वंडर' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'वुंडोर' असा होता, जर्मनमध्ये आजही 'वुंडर' आहे. त्या भाषाकुळाच्या पलीकडे त्याचा माग लागत नाही. पण त्याचं क्रियापद पुढे स्वतःला प्रश्न विचारण्याच्या अर्थानेही वापरात आलं. 'आय वंडर व्हाय' म्हणजे 'असं का असेल बरं?' आश्चर्य आणि प्रश्न एकाच शब्दात. हे ऐकलं तेव्हा मला आकाशच आठवलं. निळं आहे हे आश्चर्य. पण निळंच का?

त्याचं उत्तर मला अकरावी-बारावीत मिळालं. हवेचे रेणू सूर्यप्रकाश विखुरतात आणि तरंगलांबी जितकी कमी तितका तो अधिक विखुरला जातो, तोही चौथ्या घाताच्या प्रमाणात. म्हणून तांबड्यापेक्षा निळा प्रकाश जवळपास सहापट विखुरतो. १८७१ मध्ये रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने हे मांडलं. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असंही त्याचं म्हणणं होतं. १९२१ साली इंग्लंडहून बोटीने परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भूमध्य समुद्राची निळाई पाहिली आणि त्यांना ते पटेना. जवळच्या निकोल प्रिझममधून, म्हणजे एका ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाशच पुढे जाऊ देणाऱ्या स्फटिकातून, त्यांनी पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवून पाहिला. निळाई तशीच राहिली! पाणी स्वतः प्रकाश विखुरत होतं. त्याच वाटेने पुढे २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध आला आणि १९३० चं नोबेल. प्रकाशाच्या विकिरणाचा धडा सुरू करताना मी फळ्यावर आधी 'आश्चर्यं नीला द्यौः' लिहिते. विज्ञानाच्या तासाला संस्कृत कशाला, असं मुलांच्या चेहऱ्यावर असतं. दहा मिनिटांनी ते नसतं.

नोकरी लागल्यावर बाईंना भेटायला गेले होते. रॅले, रामन सगळं त्यांना सांगितलं. चहा निवेपर्यंत त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, पण जांभळ्याची तरंगलांबी तर निळ्याहूनही कमी ना? मग आकाश जांभळं का नाही?" संस्कृतच्या निवृत्त शिक्षिकेने विचारलेला हा प्रश्न पदवीचे विद्यार्थीही क्वचित विचारतात. मी सांगितलं, सूर्यप्रकाशात जांभळा मुळात कमी आणि आपले डोळे त्याला कमी दाद देतात. त्यांनी ते पुन्हा एकदा समजून घेतलं आणि वहीत टिपून ठेवलं.

महोत्सव समितीला एक विनंती. अभ्यंकरशास्त्रींच्या महाभाष्याचा संपूर्ण संच शाळेच्या ग्रंथालयाला द्यायची आमच्या वर्गाची इच्छा आहे. तो मिळवण्याची खटपट सुरू आहे. आणि आताच्या आठवीच्या मुलांना तोच घरचा अभ्यास द्यावा, 'आश्चर्यम्'ने सुरू होणारं एक वाक्य. निवडक वाक्यं शाळेच्या पुढच्या वार्षिक अंकात छापली तर आम्ही सगळे ती आवडीने वाचू.