१/७२ लिबरेटर : तिसरा टप्पा

फोंडा, ऑगस्टअखेर. बी-२४ लिबरेटर या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाच्या १/७२ प्रमाणातील (मूळच्या बहात्तराव्या हिश्शाच्या) मॉडेलचे धड आणि पंखांचे तुकडे मागील टप्प्यात तयार झाले होते. हा महिना जवळजवळ सगळा एका इंजिनावर गेला.

हा देखावा ‘हॉट ॲज हेल’ या बी-२४ जे विमानाच्या अवशेषांचा आहे. २५ जानेवारी १९४४ रोजी कुनमिंगहून आसामातील चाबुआकडे निघालेले हे विमान खराब हवामानात आजच्या अरुणाचल प्रदेशातील सियांग खोऱ्याच्या डोंगरात आठ जणांसह कोसळले आणि २००६ मध्ये त्याचा शोध लागला. हे विमान ज्या बॉम्बफेकी गटाचे होते, त्याच्या लिबरेटरांना चीनमधील मोहिमांसाठी लागणारे पेट्रोल आणि बॉम्बसुद्धा स्वतःच हिमालय ओलांडून न्यावे लागत. त्या आठांपैकी फर्स्ट लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटून २०१७ मध्ये जॉर्जियात त्यांचा दफनविधी झाला. तो उतार माझ्या दृष्टीने समाधीचीच जागा आहे, त्यामुळे देखाव्यात एकही मानवी आकृती असणार नाही.

आता इंजिनाविषयी. लिबरेटरच्या आर-१८३० इंजिनात सात-सातच्या दोन ओळींत चौदा सिलिंडर असतात आणि आपल्या प्रमाणात ते सारे जेमतेम सतरा मिलिमीटर व्यासात बसवावे लागते. अनेक जण अवशेषांना सरसकट गंजाचा तांबूस रंग देतात, ते मला पटत नाही. सिलिंडरची नळी पोलादी असल्यामुळे ती गंजते, पण वरचे डोके ॲल्युमिनियमचे असल्यामुळे ते केवळ राखाडी आणि निस्तेज होते. म्हणून प्रत्येक सिलिंडरच्या बुडाशी गंजाची अरुंद कडी काढली, वरच्या पाकळ्यांवर फिकट राखाडी रंग कोरड्या ब्रशने फिरवला आणि प्रोपेलरची तिन्ही पाती मेणबत्तीच्या धगीवर हळूहळू वाकवली.

पावसाळी दमटपणामुळे वार्निशवर पांढुरकी साय धरली. धडावरची थिनरने काढली. पंखाच्या उघड्या पत्र्यावर मात्र ती जुन्या ॲल्युमिनियमसारखीच दिसते, म्हणून तशीच ठेवली. पत्र्याचे जोड आणि रिव्हेटांच्या ओळी नीट पाहण्यासाठी बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातील सुपर कॉन्स्टेलेशनखाली मी दोन वेळा उभा राहून आलो. विमान वेगळे असले तरी त्या काळच्या पत्राकामाची नजर तेथे बसते.

झुडपांसाठी घरामागच्या गडग्यावरचे शेवाळ वाळवले आहे. जमिनीला मात्र आपली तांबडी माती चालणार नाही, त्यामुळे पुढच्या टप्प्यात कुजलेल्या पानांचा काळपट थर लावून त्यात हे इंजिन अर्धे रुतवीन.