मिनिटाला एक झुरका

आज सकाळी क्यूबातील विन्यालेसच्या खोऱ्यात, तंबाखूच्या एका शेतावर मी सिगार पेटवून लागोपाठ चार झुरके घेतले, तेव्हा समोर बसलेल्या वृद्ध शेतकऱ्याने माझा हात हलकेच खाली केला आणि "मिनिटाला एकच" एवढेच सांगितले.

तोवर मी तोंडातल्या कडवटपणाचा दोष सिगारलाच देत होतो. वास्तविक घाईने ओढल्यास जळते टोक फार तापते आणि चव करपते. धूर छातीत न घेता तोंडातच घोळवायचा असल्यामुळे जिभेला वेळ द्यावाच लागतो.

नंतर तीच सिगार निराळी लागली. आधी लाकडाचा सुगंध, मग भाजलेल्या कॉफीची चव आणि शेवटच्या भागात काळ्या मिरीसारखा तिखटपणा. रोपाच्या शेंड्याकडची जाड, सावकाश जळणारी 'लिहेरो' पाने वळताना मुद्दाम मध्यभागी ठेवतात, हे त्याने एक पान उलगडून दाखवले. त्याच्या स्वतःच्या सिगारवर बोटाच्या पेराएवढी करडी राख तशीच टिकून होती.

किंमत आणि कागदी पट्टीवरचे नाव पाहून सिगारची प्रत ठरवणे मला आता पटत नाही. पहिल्या चार झुरक्यांवरच मी ती बाजूला ठेवली असती, तर?