सौरडागाच्या कडेचा वारा

रविवारी सकाळी गच्चीवर दुर्बीण लावून सूर्याचं प्रतिबिंब पांढऱ्या कागदावर घेते, तेव्हा शेजारची मुलं आधी डाग मोजायला धावतात. मी मात्र त्यांना डागाची कडा बघायला सांगते. मधला काळा भाग आणि त्याभोवतीची करडी किनार.

मधला भाग काळा का? तिथलं चुंबकीय क्षेत्र इतकं प्रबळ असतं की खालून उकळत वर येणारा तप्त वायू अडतो. तापमान 5,800 केल्व्हिनवरून 4,000 च्या आसपास उतरतं. डागांमधलं हे चुंबकत्व खगोलशास्त्रज्ञ हेल यांनी 1908 मध्ये अमेरिकेत ओळखलं.

किनारीची गोष्ट मात्र आपल्या कोडाईकनालच्या सौर वेधशाळेची, आणि मला तीच जास्त प्रिय आहे. जानेवारी 1909 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉन एव्हरशेड यांनी तिथे डागांचे वर्णपट, म्हणजे रंगांत फाकवलेल्या प्रकाशाचे पट्टे, छायाचित्राच्या काचेवर घेतले. किनारीच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा किंचित सरकलेल्या दिसल्या: सूर्याच्या मध्याकडच्या बाजूला निळ्याकडे, कडेकडच्या बाजूला तांबड्याकडे. आपल्याकडे येणाऱ्या वायूच्या रेषा निळ्याकडे सरकतात, दूर जाणाऱ्याच्या तांबड्याकडे. म्हणजे वायू डागातून बाहेर वाहतोय, सेकंदाला काही किलोमीटर वेगाने! काचेवरच्या रेषेच्या एवढ्याशा सरकण्यातून पंधरा कोटी किलोमीटरवरचा वारा ओळखायचा, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

आता आदित्य-एल1 या भारताच्या सूर्यनिरीक्षक यानावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने घडवलेली ‘सूट’ दुर्बीण आहे. ओझोन अडवतो ती अतिनील किरणंही ती टिपते. मुलांना तिची चित्रं पुढच्या रविवारी दाखवणार आहे.