टोमॅटोनं अमरवेलीला दारातूनच हाकललं (नोंद, दिवस १२)

टिळकवाडीत एका कुंपणाच्या दुरंतावर अमरवेल, म्हणजे दुसऱ्या झाडांचा रस शोषून जगणारी वेल, शेवयांसारखी लोंबतेय. मालकांना विचारून चार तुकडे आणले, साधारण वीतभराचे. आपल्याकडची ही जाडसर जात, कस्कुटा रिफ्लेक्सा. एक तुकडा रंगीत पानांच्या कोलियसला गुंडाळला, एक टोमॅटोला. उरलेले दोन ओल्या फडक्यात ठेवले.

कोलियसवर चौथ्या दिवशी वेढे घट्ट झाले, आतल्या बाजूला फोडांसारखी शोषकमुळं आली. नवव्या दिवशी एक वेढा ओढून बघितला, तर खोडाची साल सोबतच निघाली. या सांध्यातून नुसतं पाणी आणि साखर जात नाही. अमरवेलीच्या दुसऱ्या एका जातीवर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या जेम्स वेस्टवुड यांच्या गटानं २०१४ मध्ये दाखवलं, की हजारो जनुकांचे एमआरएनए (जनुकांचे निरोप वाहणारे रेणू) दोन्ही दिशांनी ये-जा करतात. २०१८ मध्ये त्याहून भारी गोष्ट कळली: वेल यजमानात, म्हणजे तिनं धरलेल्या झाडात, मायक्रोआरएनए (आरएनएचे छोटे तुकडे) सोडून त्याची काही जनुकं गप्प करते. दुसऱ्याच्या घरात शिरून फ्यूज काढल्यासारखं!

टोमॅटोवर मात्र वेगळीच गंमत. वेढे बसले, फोडही आले, पण सहाव्या दिवशी त्यांच्याखाली तपकिरी ठिपक्यांची ओळ उमटली. नखानं खरवडलं तर खाली बुचासारखी कडक खपली. आज तुकडा दोरीसारखा वाळलाय आणि टोमॅटो मजेत आहे.

याचं कारण २०१६ मध्ये सापडलंय. टोमॅटोच्या पेशींवर ‘क्युअर-१’ नावाचा ग्राही (बाहेरचे रेणू ओळखणारं प्रथिन) असतो, तो या वेलीचा एक रेणू ओळखून धोक्याची घंटा वाजवतो. सोलॅनम पेनेली या रानटी टोमॅटोकडे तो नसतो, म्हणून वेल त्याला सहज धरते. हे जनुक त्याच्यात आणि तंबाखूच्या एका रानटी भाऊबंदात घातलं, तर त्यांचा प्रतिकार वाढला. पण सगळ्याच अमरवेली टोमॅटोपुढे हरत नाहीत हं. बारीक तंतूची कस्कुटा कँपेस्ट्रिस त्याच्यावर मस्त वाढते.

फडक्यातला एक तुकडा काल तंबाखूला गुंडाळला. रोप निपाणीच्या मामांनी दिलं, पण कशाला हवंय ते कळल्यावर म्हणाले, “आधीच बंबाखूनं जीव खाल्लाय, त्यात तुझी अमरवेल कशाला रं?” (बंबाखू म्हणजे तंबाखूच्या मुळांवर जगणारं तण.) म्हणून कुंडी गच्चीवर एकटी ठेवलीय. छाटलेलं सगळं जाळतोय, कारण बोटभर तुकडाही नवं झाड धरतो.

तंबाखूवर अजून फोड नाहीत.