क्रॉमवेलनं वाचवलेला ऑर्गन

इंग्लंडमधल्या ट्यूक्सबरी ॲबीत, म्हणजे तिथल्या जुन्या मठाच्या चर्चमध्ये, शिरलं की माझी नजर आधी ऑर्गनच्या दर्शनी नळ्यांवरच्या उठावाच्या नक्षीकडे जाते. मी हार्मोनियम वाजवतो. हवेवर बोलणारं कुठलंही वाद्य मला आपलं वाटतं. पण याच्याइतकी फिरस्ती क्वचितच कुणाच्या नशिबी आली असेल.

रॉबर्ट डॅलमनं तो १६३१च्या सुमारास ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजसाठी घडवला. मग इंग्लंडात राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध पेटलं. १६४४ मध्ये संसदेनं चर्चमधले ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम दिला आणि कितीतरी वाद्यं फोडली गेली. हा वाचला तो खुद्द क्रॉमवेलमुळे, राजेशाही उलथवून पुढे देशाची सत्ता हाती घेतलेल्या सेनानीमुळे! चर्चमधल्या थाटामाटाला विरोध करणाऱ्या प्युरिटन पंथीयांच्या या नेत्याला संगीताचा भारी नाद. त्यानं तो १६५४ मध्ये हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात नेला. तिथे अंध कवी मिल्टननं तो वाजवला अशी आख्यायिका आहे, म्हणून नाव ‘मिल्टन ऑर्गन’. पुरावा नाही, तरी मला ती खरी असावीशी वाटते.

राजेशाही परतल्यावर ऑर्गनही ऑक्सफर्डला परतला, आणि १७३७ मध्ये ट्यूक्सबरीला आला. पुढे विलिसनं १८४८ मध्ये आणि केनेथ जोन्सनं १९९७ मध्ये त्याची पुनर्बांधणी केली. डॅलमच्या काही नळ्या अजून त्यात आहेत. जवळच्या कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांत फिरायला येणार असाल, तर संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ साधून इथे याच.