सहाव्या दिवशी कोण वाचलं?

लॉकडाऊनच्या फायद्या-तोट्याचा अहवाल संध्याकाळी पाठवायचा होता आणि माझा आलेख इतका देखणा उतरला होता की सकाळपासून मी तो तीनदा नुसता उघडून पाहिला होता. कोविडच्या पहिल्या लाटेतले रोजचे मृत्यू, मधोमध लॉकडाऊनच्या तारखेची उभी लाल रेघ, आणि रेघेनंतर सहाव्या दिवशी उतरणीला लागलेला आलेख. खाली वाक्यही तयार होतं : लॉकडाऊनमुळे मृत्यू घटले, लॉकडाऊनमुळे उत्पन्न बुडालं.

मॅडमनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "संसर्ग झाल्यापासून माणूस दगावेपर्यंत किती दिवस जातात?"

"साधारण तीन आठवडे."

"मग सहाव्या दिवशी कोण वाचलं?"

तीन आठवड्यांचा हिशोब मला पाठ होता. पण आलेख मनासारखा आला की त्याला प्रश्न विचारायची बुद्धी होत नाही. सहाव्या दिवशी मृत्यू उतरू लागले, म्हणजे संसर्ग रेघेच्या दोन आठवडे आधीच मंदावला होता.

मग गूगलने त्या काळात खुला केलेला लोकांच्या वावराचा डेटा काढला. दुकानं, स्टेशनं, ऑफिसं, सगळीकडची वर्दळ रेघेच्या आधीच कोसळलेली. आदेश निघण्यापूर्वी लोक भीतीने घरी बसले होते. अमेरिकेत ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सिव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी फोनच्या नोंदींवरून हेच दाखवलं होतं : ग्राहकांची वर्दळ 60 टक्क्यांनी घटली, त्या 60 पैकी निर्बंधांच्या खात्यावर जेमतेम 7. हे मी वाचलेलं होतं, हीच तर लाजेची गोष्ट.

"म्हणजे तुझा तोट्याचा रकानाही चुकलाय," मॅडम म्हणाल्या. खरंच होतं. मृत्यू घटल्याचं सगळं श्रेय लॉकडाऊनला देता येत नसेल, तर बुडालेल्या धंद्यांचं सगळं खापरही त्याच्या माथी फोडता येत नाही. मी लॉकडाऊनची तुलना नेहमीच्या आयुष्याशी करत बसलो होतो. करायला हवी होती आदेशाविनाच घाबरून घरी बसलेल्या माणसांशी.

दुपारभर डेन्मार्क आणि स्वीडन. मार्च 2020 मध्ये डेन्मार्कने बरंच काही बंद केलं, शेजारच्या स्वीडनने बहुतेक चालू ठेवलं. बँकेतल्या व्यवहारांवरून झालेल्या अभ्यासात लोकांचा खर्च डेन्मार्कमध्ये 29 टक्के घटलेला दिसतो, स्वीडनमध्ये 25. या चारच्या फरकावर लॉकडाऊनच्या बाजूचे आणि विरोधातले लोक तावातावाने भांडतात. मला मात्र त्यातला वयाचा तपशील जास्त बोलका वाटतो. तरुणांनी डेन्मार्कमध्ये हात जास्त आखडला, सत्तरीपुढच्यांनी स्वीडनमध्ये. जिथे सगळं उघडं होतं तिथेच म्हातारी माणसं जास्त दबकून राहिली. 'अर्थव्यवस्थेचं नुकसान' असा एकच आकडा लिहिला की ही माणसं त्यात दिसेनाशी होतात.

पाच वाजता अहवाल मागवणाऱ्यांचा फोन आला. "फायदा झाला की तोटा, एका आकड्यात सांगाल का?" मी उद्यापर्यंतची मुदत मागून घेतली.

लाल रेघ पुसली नाही. तिच्या डावीकडे, लोक घरी बसू लागले त्या आठवड्यात, एक करडी रेघ ओढली. उरलेला वेळ 'मुळे' या दोन अक्षरांत गेला. मसुद्यात अकरा ठिकाणी 'लॉकडाऊनमुळे' होतं. बऱ्याच जागी 'लॉकडाऊनच्या काळात' झालं, काही वाक्यं गेलीच. रात्री मोजले तेव्हा दोन उरले होते, आणि त्यातल्या एकावर मॅडमनी पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलं होतं.